गावठी कुत्र्याला 'मंग्रेल' म्हणू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कुत्रा हरवल्याची चिठ्ठी असो, पिल्लू दत्तक देण्याची जाहिरात असो की लसीकरणाचे कार्ड असो, 'ब्रीड' या रकान्यात नाशिकमध्ये हल्ली सर्रास 'मंग्रेल' असे लिहिले जाते. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते 'गावठी'. पण गावठी म्हटले की कमी प्रतीचे वाटते आणि मंग्रेल म्हटले की काहीतरी शास्त्रीय वाटते. प्रत्यक्षात मंग्रेल हा शब्द शास्त्रीय नाही, सभ्यही नाही, आणि आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला तो लागूही पडत नाही. वृत्तपत्रांच्या पानांवर त्याच्या जोडीला 'पॅरिया' आणि 'स्ट्रे' हे आणखी दोन शब्द दिसतात. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी मंग्रेलची फोड पाहू. या शब्दाच्या पोटात 'मंग' हे जुने इंग्रजी रूप आहे. त्याचा अर्थ मिसळ किंवा सरमिसळ. आजच्या इंग्रजीतल्या 'अमंग' आणि 'मिंगल' या शब्दांतही तेच मूळ आहे. मागचा 'रेल' हा प्रत्यय लहानपणा किंवा हलकेपणा दाखवतो. सिन्नर-दिंडोरीकडच्या पोल्ट्रीवाल्यांना हा प्रत्यय रोजच्या व्यवहारातून ठाऊक आहे: कॉक म्हणजे कोंबडा आणि कॉकरेल म्हणजे अजून पुरता न वाढलेला नर. तेव्हा मंग्रेलचा शब्दशः अर्थ होतो 'भेसळीतून झालेले हलके पोर'. हा शब्द मंगोलांवरून आला असे काही जण सांगतात, ते चूक आहे. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

१४८६ साली इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्स येथे शिकारीवरचा एक ग्रंथ छापला गेला. त्यात कुत्र्यांची एक नामावळी आहे. पहिले नाव ग्रेहाउंड, दुसरे 'बास्टर्ड', तिसरे 'मेंग्रेल'. पुढे मॅस्टिफ, स्पॅनियल, टेरियर, खाटकाची कुत्री, उकिरड्यावरची कुत्री, आणि शेवटी बड्या घरच्या बायकांची, अंगावरच्या पिसवा स्वतःकडे ओढून घेणारी छोटी कुत्री. ही यादी ज्यांच्यासाठी होती ते शिकारीचे शौकीन सरदार लोक होते. कुत्र्याची प्रत ते शिकारीतल्या उपयोगावरून आणि आईबापांवरून ठरवत. मंग्रेल हा त्यांच्या दृष्टीचा शब्द आहे. पुढे तो मिश्र वंशाच्या माणसांनाही शिवी म्हणून लावला गेला. 'मट' या अमेरिकी शब्दाची कुळीही अशीच आहे. 'मटनहेड', म्हणजे मेंढीच्या डोक्याचा, मूर्ख माणूस, याचे ते लघुरूप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते माणसावरून कुत्र्यावर आले. 'कर' हा त्याहून जुना शब्द गुरगुरण्यावरून आलेला दिसतो.

आता मुख्य मुद्दा. सरमिसळ व्हायची तर आधी वेगवेगळे जिन्नस हवेत. दोन ठरीव जातींचा संकर झाला तर त्या पिल्लाला संकरित म्हणता येईल. पण ठरीव जाती म्हणजे वंशावळीची वही, ठरलेली उंची, ठरलेला रंग, हे सारे फार अलीकडचे आहे. कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर या दोनच प्रकारची कुत्री होती. लंडनच्या केनेल क्लबची स्थापना १८७३ची. आज आपण 'जातिवंत' म्हणतो त्या बहुतेक कुत्र्यांचे आजचे रूप त्या आगेमागेच पक्के झाले. आपल्याकडची कुत्री त्याच्या हजारो वर्षे आधीपासून माणसाच्या वस्तीत आहेत. सिंधमधल्या चान्हुदडो या हडप्पाकालीन गावात एक वीट सापडली आहे. वीट ओली असताना तिच्यावरून आधी मांजर गेले आणि पाठोपाठ कुत्रा गेला, दोघांच्या पावलांचे ठसे तिच्यात उमटून राहिले आहेत. त्या कुत्र्याच्या वंशाला लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्ड यांची भेसळ म्हणणे म्हणजे पणजीला पणतवंडांची भेसळ म्हणण्यासारखे आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटातली डांगी गाय तो संकरित म्हणून विकत नाही. धुवाधार पावसात टिकणारे तिचे तेलकट कातडे, काळे टणक खूर हे त्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले गुण आहेत. संकरित म्हणजे जर्सी क्रॉस किंवा एचएफ क्रॉस, हे गोठ्यातले पोरसुद्धा सांगते. गावठी कुत्रा हा डांगी गाईच्या बाजूचा आहे, जर्सी क्रॉसच्या बाजूचा नाही. फरक इतकाच की डांगीची निवड माणसाने आणि निसर्गाने मिळून केली, गावठी कुत्र्याची बहुतांशी निसर्गाने एकट्याने केली. जे पिल्लू उन्हाळा, पावसाळा, गोचिडी आणि उष्टे-खरकटे यांतून वाचले, त्याचा वंश पुढे गेला. शास्त्रज्ञ अशा कुत्र्यांना 'व्हिलेज डॉग' म्हणतात. ते आपल्या 'गावठी'चे जवळजवळ शब्दशः रूप आहे.

खूण पटवायची तर पुढील गोष्टी पाहाव्यात. गावठी कुत्र्याचे डोके पाचरीसारखे, कपाळाकडे रुंद आणि नाकाकडे निमुळते. कान बहुधा ताठ आणि टोकदार. डोळे बदामी आकाराचे, तपकिरी. छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब. केस आखूड. शेपूट चालताना पाठीवर वळलेली. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची साधारण २० ते २५ इंच, मादी त्याहून थोडी कमी. वजन बहुधा १५ ते २५ किलोंच्या दरम्यान. रंग तांबूस-पिवळा सर्वांत जास्त, मग काळा, पांढरा, ठिपक्यांचा. आणखी एक खूण जुन्या माणसांना पाठ आहे: गावठी कुत्री बहुधा वर्षातून एकदाच, भाद्रपदाच्या सुमारास माजावर येते. गाभणकाळ ६३ दिवसांच्या आसपास, म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्ले दिसतात. लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्डची मादी मात्र साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि तिला ऋतूचे बंधन नसते. निर्बीजीकरणाची मोहीम आखणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवला तर पावसाळ्याआधीचे महिने वाया जात नाहीत.

शहरात शुद्ध गावठीच सापडेल असे नाही, हेही खरे. घरातून सोडून दिलेली विलायती कुत्री गंगापूर रोडवर, इंदिरानगरात, नाशिक रोडला फिरतात आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांत मिसळतात. दाट लोकर, पडलेले मोठे कान, फार आखूड पाय किंवा रुंद चौकोनी जबडा असे काही दिसले तर संकराची शंका रास्त आहे. अशा कुत्र्यासाठी आपल्याकडे 'क्रॉस' हा शब्द कधीचाच रुळलेला आहे आणि तो मंग्रेलपेक्षा कितीतरी नेमका आहे, कारण त्याच्याआधी जातीचे नाव घ्यावे लागते: लॅब क्रॉस, जर्मन क्रॉस, पॉम क्रॉस. या 'पॉम'बद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे घरोघर पामेरियन म्हणून पाळला जाणारा पांढरा झुबकेदार कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पॉमेरेनियन पूर्ण वाढला तरी साडेतीन किलोंच्या आतबाहेरच राहतो.

जातीचे नाव घेण्याला वैद्यकीय कारणही आहे. खरजेवर आयव्हरमेक्टिन हे औषध सर्रास वापरले जाते. कॉली आणि तिच्या जवळच्या, मेंढ्या राखणाऱ्या काही विलायती जातींत एक जनुकीय दोष आढळतो, काही जर्मन शेफर्डमध्येही तो असतो. या दोषामुळे औषध मेंदूत जाऊन साचते. लाळ गळणे, तोल जाणे, बाहुल्या मोठ्या होणे, थरथर, आणि डोस जास्त असेल तर बेशुद्धी, असा क्रम असतो. असा दोष संकरातून पिल्लांतही उतरू शकतो. कार्डावर 'जर्मन क्रॉस' असे लिहिलेले असेल तर डॉक्टर आधी विचारपूस करतात, पर्यायी औषध निवडतात. 'मंग्रेल' वाचून त्यांना काहीही कळत नाही. गावठी कुत्र्यालाही हे औषध दुकानातून आणून अंदाजाने देऊ नये. डोस वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

उलट चूकही तितकीच महागात पडते. दोन महिन्यांचे पिवळसर पिल्लू दिसले, कान पडलेले दिसले, की जाहिरातीत 'लॅब मिक्स' लिहिले जाते. पण त्या वयात गावठी पिल्लाचेही कान पडलेलेच असतात. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात, दुधाचे दात पडून कायमचे यायला लागतात त्याच सुमारास, कान उभे राहतात. पिवळा रंग तर गावठीचा नेहमीचा. चौथ्या महिन्यात मध्यम आकाराच्या कुत्र्याचे वजन मोठेपणीच्या निम्म्याच्या आसपास आलेले असते. तेव्हा त्या वयात आठ-नऊ किलो भरणारे पिल्लू तीस किलोंचा लॅब्रॅडोर होणार नाही, हे काटाच सांगतो. लॅब समजून नेलेले पिल्लू सहाव्या महिन्यात ताठ कानांचे, लांब पायांचे, अनोळखी माणसावर भुंकणारे होते आणि घरच्यांना आपण फसवले गेलो असे वाटते. त्यातली काही पिल्ले पुन्हा रस्त्यावर येतात. जाहिरातीत पहिल्या दिवशी 'गावठी' लिहिले असते तर ज्यांना गावठीच हवे होते त्यांच्याच घरी ते गेले असते.

आता 'पॅरिया'. हा शब्द मंग्रेलहून जड आहे. तमिळमध्ये 'परै' म्हणजे आपल्या हलगीसारखे, दोन काठ्यांनी वाजवायचे चामड्याचे वाद्य. ते वाजवणारा तो परैयन, अनेकवचनी परैयर. हे एका जातीचे नाव आहे. सतराव्या शतकात ते युरोपीय प्रवाशांच्या लिखाणात गेले. इंग्रजांनी ते दक्षिणेतल्या एका जातीपुरते न ठेवता सगळ्याच अस्पृश्य मानलेल्यांना लावले, मग कोणत्याही बहिष्कृत माणसाला, आणि अठराव्या शतकापासून छावण्यांभोवती फिरणाऱ्या मालक नसलेल्या कुत्र्यालाही. 'पॅरिया डॉग' म्हणजे, स्पष्ट बोलायचे तर, एका माणसांच्या जातीचे नाव शिवी म्हणून कुत्र्याला चिकटवलेले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या पंचवटीत सुरू झाला, त्या गावच्या बातम्यांत हा शब्द छापला जाऊ नये. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, हे मान्य. पण छापलेला शब्द लिहिणाऱ्याचे मन सोबत घेऊन फिरत नाही.

एखाद्या नावाचे असे कसे होते हे नाशिककरांना तरी लवकर पटावे, कारण आपल्या देवळालीचेही तसेच झाले आहे. ब्रिटिश काळात देवळालीला लष्कराची छावणी होती. मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने पडून राहत. उकाडा, रिकामपण आणि आजार यांनी त्यांतले काही भ्रमिष्टासारखे वागू लागत. सैनिकांच्या बोलीत त्याला 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजीत आजही डोके फिरलेल्याला डूलॅली म्हणतात. आपल्याकडच्या एका शांत गावाचे नाव इंग्रजी कोशात वेडाला प्रतिशब्द म्हणून बसले आहे. देवळालीकराला ते वाचून जे वाटेल, तेच तमिळ माणसाला 'पॅरिया डॉग' वाचून वाटत असेल.

'स्ट्रे'बद्दल थोडक्यात. जुन्या फ्रेंचमधल्या भटकणे या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला. इंग्रजी कायद्यात तो मालकापासून सुटलेल्या, वाट चुकलेल्या जनावराला लावत. रविवार कारंज्याच्या कोपऱ्यावर जन्मलेला आणि तिथेच म्हातारा झालेला कुत्रा वाट चुकलेला नाही, तो आपल्या जागी आहे. २०२३ सालच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत 'कम्युनिटी ॲनिमल', म्हणजे वस्तीत जन्मलेला आणि कोणी मालकी न सांगितलेला प्राणी, अशी वेगळी व्याख्याच दिलेली आहे. मराठीत 'मोकाट', 'भटका', 'बेवारस' हे तिन्ही शब्द आलटून पालटून छापले जातात, पण ते एक नाहीत. घर असूनही मोकळा सोडलेला तो मोकाट. घरातून टाकून दिलेला तो बेवारस. गल्लीत जन्मून गल्लीनेच पोसलेला तो गल्लीतला कुत्रा. चावल्याच्या बातमीत हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या प्रकारात जबाबदार मालक शोधता येतो. कानाला खाच असेल तर कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले आहे, तेही बातमीत यावे.

आपल्या भाषेत या प्राण्यासाठी चांगले शब्द नाहीत असे मुळीच नाही. पोलिसांचे ते 'श्वानपथक' आणि रस्त्यावरची ती 'कुत्री', असा भेद आपण करतो. गंमत म्हणजे श्वान आणि इंग्रजी हाउंड हे एकाच मुळाचे शब्द आहेत. संस्कृत श्वन्, लॅटिन कॅनिस, जर्मन हुंड, इंग्रजी हाउंड. संस्कृतातल्या 'श'च्या जागी इंग्रजीत 'ह' येतो, हे शत आणि हंड्रेड, शृंग आणि हॉर्न या जोड्यांतही दिसते. जुन्या इंग्रजीत 'हुंड' म्हणजे कोणताही कुत्रा. 'डॉग' हा तेव्हा क्वचित वापरला जाणारा शब्द होता, सोळाव्या शतकापर्यंत त्याने हाउंडला मागे सारले आणि हाउंड शिकारी कुत्र्यापुरता उरला. आपला 'पिल्लू' द्राविडी 'पिल्ला'चा नातलग आहे, अर्थ मूल. इंग्रजी 'पपी' मात्र फ्रेंच बाहुलीवरून आलेला. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री, खंडोबाचा कुत्रा, या सगळ्यांत विलायती वंशावळीचा कोणीही नाही.

'गावठी' शब्दाला कट्टा आणि दारू यांनी बदनाम केले आहे, म्हणून काहींना तो नको वाटतो. पण गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी कोथिंबीर यांना आपण दोन पैसे जास्तच मोजतो. ज्यांना तरीही संकोच वाटतो त्यांनी 'देशी' लिहावे. शब्द बदलता येत नाहीत असे कोणी म्हणू नये. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचे नाव नकोसे झाले म्हणून इंग्लंडच्या केनेल क्लबने १९१९ साली जर्मन शेफर्डची नोंद 'अल्सेशियन' अशी केली आणि १९७७ साली मूळ नाव परत मान्य केले. आपल्याकडचे जुने लोक अजून अल्सेशियनच म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनीही 'वेडा'च्या जागी 'मनोरुग्ण' आणि 'महारोगी'च्या जागी 'कुष्ठरोगी' लिहायला सुरुवात केली, आणि वाचक ते शिकले.

आपणांस विनंती अशी की बातम्यांत आणि छोट्या जाहिरातींत 'मंग्रेल' व 'पॅरिया' हे शब्द घेऊ नयेत. आईबापांपैकी एकाची जात नक्की ठाऊक असेल तरच 'अमुक क्रॉस' लिहावे. काहीच ठाऊक नसेल आणि वर दिलेल्या खुणा जुळत असतील तर 'गावठी' किंवा 'देशी'. खुणाही जुळत नसतील तर 'जात माहीत नाही' असे साध्या मराठीत. जातीपेक्षा वय, लिंग, रंग, अंगावरची खूण, लस आणि निर्बीजीकरण यांची माहिती शोधणाऱ्याला आणि दत्तक घेणाऱ्याला जास्त उपयोगी पडते. नमुन्यादाखल एक मजकूर देत आहे, जागेच्या सोयीने छापावा:

'गावठी मादी, साधारण चार महिने, पुढचे दात नुकतेच बदललेले. रंग तांबूस, छातीवर पांढरा ठिपका, शेपूट वळलेली, डावा कान अजून अर्धा पडलेला. वजन आठ किलो, मोठेपणी सोळा-सतरा किलोंपर्यंत जाईल. रेबीजची लस झाली आहे, पुढची एक वर्षाने. निर्बीजीकरण बाकी, ते भाद्रपदाआधी करून घेण्याची तयारी असणाऱ्यांनीच संपर्क साधावा.'

आपला,
पशुवैद्यक क्षेत्रात काम करणारा एक वाचक,
पंचवटी, नाशिक